नखाएवढ्या कार्डात किती ब्लाऊज मावतात

सांगलीत गावभागात मी ब्लाऊज शिवते. पुढची खोली दुकान, मागं घर, मधे एक पडदा. मेमरी कार्डाबद्दल या बाईनं काय सांगावं, असं कुणीही म्हणेल. पण माझ्या मोबाईलमध्ये पाठीचे जेवढे गळे आहेत तेवढे आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून नसतील. हल्ली गिऱ्हाईक कापडाच्या आधी फोटो पाठवतं. "काकू, गळा ह्या फोटोतला, बाही त्या दुसऱ्यातली, आणि लटकन तिसऱ्यातलं बघा." एका ब्लाऊजमागं सात-आठ फोटो, शिवाय नवरीची मोठी बहीण आपले वेगळे पाठवते. तुळशीचं लग्न लागलं की माझा १६ जीबीचा मोबाईल दर दोन दिवसांनी 'स्टोरेज फुल' म्हणून अडून बसायचा. मग दुपारचा चहा बाजूला ठेवून मी सुप्रभाताचे फोटो पुसत बसायची.

म्हणून २०२० च्या दिवाळीत हरभट रोडवरून ६४ जीबीचं कार्ड आणलं. साडेसहाशे रुपये पडले. कंपनीचं नाव घेत नाही. पुढं जे रडगाणं आहे ते कार्डाचं कमी आणि आम्ही ते कसं लावलं त्याचं जास्त आहे, आणि या जातीचं कुठलंही कार्ड तसं लावलं तर तसंच वागेल.

आधी त्याचा आकार. मी टेप लावून पाहिलं: १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, जाडी १. शर्टाच्या बटणाएवढं. पाकीट फोडलं आणि पहिल्याच मिनिटाला ते माझ्या हातून मशीनखालच्या चिंध्यांत पडलं. सवयीनं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक फिरवलं. त्याला टाचण्या चिकटल्या, दोन हुक चिकटले, कार्ड काही आलं नाही. शेवटी सगळ्या चिंध्या सुपात घेऊन पाखडल्या तेव्हा सापडलं. एवढ्याशा गोष्टीत अख्खं दुकान ठेवायचं म्हणजे मला आधी धास्तीच वाटली.

पण ठेवायचं होतंच, आणि त्याला कारण आहे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही मशिनी माळ्यावर चढवल्या, गिऱ्हाइकांच्या साड्या गाठोडी बांधून विश्रामबागला नणंदेकडं नेल्या, आणि मापाची वही राहिली गल्ल्यात. पाणी उतरल्यावर गल्ला उघडला तर वहीचा लगदा. चौदा वर्षांची मापं. छाती, कंबर, मुंडा, खांदा, कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाला पाठीत पाऊण इंच सैल लागतं, सगळं निळं पाणी होऊन गेलं होतं. तेव्हापासून वहीत पान भरलं की लगेच मोबाईलवर फोटो काढायचा नेम केला. वही आणि फोटो, दोन्ही.

आता पाकिटावरच्या खुणा. त्या मी पुतण्याकडून समजून घेतल्या, कारण दुकानदार म्हणाला, "काकू, बिनधास्त न्या, चांगलं चालतंय." हे काय सांगणं झालं? मोठ्या अक्षरात लिहिलं होतं सेकंदाला १०० एमबी. तो वेग एखादी मोठी फाइल सलग वाचण्याचा, तोही सगळं जुळून आलं तर. लिहिण्याचा वेग त्याहून बराच खाली असतो. इंग्रजी सीच्या पोटात १० चा आकडा असेल तर सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी मिळायला हवेत. यूच्या पोटात १ असेल तरी तेच, ३ असेल तर ३०. हे सगळे चादरीची कड मारायचे वेग. सरळ शिलाई, मशीन सोडली की सुसाट.

ॲप मात्र कड मारत नाही. ते काज-हुक करतं. इथं चिमूटभर वाच, तिथं चिमूटभर लिही, परत पहिल्या जागी ये. त्याचा वेग सांगायला ए१ आणि ए२ अशा वेगळ्या खुणा आहेत. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. माझं कार्ड ए१ चं. ए२ घ्यावं तर त्याचा पुरता वेग मिळायला मोबाईललाही ते कळावं लागतं, नाहीतर नुसते जादा पैसे. आणि ए१ काय, ए२ काय, मोबाईलच्या पोटातल्या स्वतःच्या जागेपुढं दोन्ही मंदच. हे वाक्य मला तेव्हा कुणी ठासून सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

जाता जाता, ६४ चं कार्ड कंप्युटरला लावलं तर ५९ आणि काहीतरी दिसतं. मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते. पुतण्या म्हणाला, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कंप्युटर १०२४ च्या. मला लगेच पटलं. वारानं घेतलेलं कापड मीटरनं मोजलं की आकडा कमीच येणार, कापड कुणी चोरलेलं नसतं.

कार्ड घातल्यावर मोबाईलनं विचारलं की हे काढघाल करायचं कार्ड म्हणून ठेवायचं, की आतल्या जागेसारखं वापरायचं. पोर्टेबल की इंटर्नल. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ साली सहाव्या आवृत्तीबरोबर आली, पण काही कंपन्या ती आपल्या मोबाईलमध्ये देतच नाहीत. माझ्या मोबाईलमध्ये होती. पुतण्याला जोर चढला. "काकू, इंटर्नलच करू. मोबाईलला वाटंल आपलंच पोट वाढलं. ॲपसुद्धा कार्डावर टाकता येतील." केलं. मोबाईलनं कार्ड मंद आहे अशी कुरकुर केली, ती आम्ही मनावर घेतली नाही. फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा सगळा पसारा तिकडं गेला. ॲपही नेली, पण सगळी जात नाहीत. मोबाईलबरोबर आलेली हलत नाहीत, आणि इतर ॲपपैकी ज्यांच्या बनवणाऱ्यांनी परवानगी दिलेली असते तेवढीच हलतात. माझं शिलाईचे हिशोब ठेवायचं ॲप गेलं, पॅटर्नच्या व्हिडिओंचं गेलं, बँकेचं काही केल्या हललं नाही.

पहिले तीन महिने मी ज्याला त्याला सांगत होते, कार्ड घ्या म्हणून. 'स्टोरेज फुल' गेलं. पण एक सिम काढून ठेवावं लागलं, कारण त्या मोबाईलच्या ट्रेमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच होती. दुकानाचा नंबर जुन्या बटणाच्या मोबाईलमध्ये टाकला. त्यात एक २ जीबीचं जुनं कार्ड निघालं, गाणी भरलेलं. पूर्वी मोबाईलच्या दुकानांत पन्नास रुपयांत कार्डभर गाणी भरून मिळायची, आठवतंय का? माझ्या कार्डात त्या पोरानं अर्धी भावगीतं आणि अर्धी हलगी भरून दिली होती. बटणं लावताना मी दोन्ही ऐकते.

मग मोबाईल हळूहळू जड झाला. गॅलरी उघडली की राखाडी चौकोन, आणि एकेक फोटो येणार सावकाश, सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा. गिऱ्हाईक समोर उभं, मी म्हणतेय, "थांबा हं, येतोय गळा." हिशोबाचं ॲप उघडेपर्यंत मी तोंडी बेरीज करून मोकळी व्हायची. ती ॲप परत मोबाईलच्या पोटात आणल्यावर जरा सुधारलं. फोटो कार्डावरच राहिले.

२०२२ च्या संक्रांतीआधी मोबाईल चार्जिंगला लावला तो परत उठलाच नाही. दुरुस्तीवाल्या पोराकडं नेला. त्यानं तो उघडला, भिंगातून बघितलं.

"मावशी, बोर्ड गेलाय. खर्च घालण्यात राम न्हाई."

"असू दे. कार्ड तेवढं काढून दे. फोटो त्यातच आहेत."

त्यानं कार्ड आपल्या मोबाईलमध्ये घातलं. मोबाईल म्हणाला, हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"इंटर्नल केलंतं काय ओ?"

"केलं होतं."

"मग गेलं, मावशी."

मला वाटलं पोराला येत नसेल. दुसरीकडं नेलं, तिथंही तेच. नंतर नीट समजून घेतलं ते असं: कार्ड इंटर्नल केलं की त्यातला सगळा मजकूर मोबाईल कुलूपबंद करतो, आणि किल्ली ठेवतो स्वतःच्या पोटात. कार्डात किल्ली नसतेच. मोबाईल मेला की किल्ली गेली. मोबाईल नुसता फॅक्टरी रीसेट केला तरी गेली. सासूबाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचूनच गेल्या असत्या तर कपाटाचं जे झालं असतं ते इथं झालं. कपाट घरात, कपाट धड, आत सगळं जागच्या जागी, आणि उपयोग शून्य. कुलूप फोडायला लोहार असतो, याला तोही नाही.

अडीच हजारांच्या आसपास फोटो होते. शिवून झालेल्या कामाचे फोटो, जे दाखवून मी नवी गिऱ्हाइकं धरते, ते सगळे गेले. एका पैठणीच्या काठातून पाठीवर मोर बसवला होता, दोन रात्री खपून. त्याचा फोटो आता त्या गिऱ्हाइकाकडंसुद्धा नाही. नातीच्या बारशाचे फोटो सुनेच्या मोबाईलमध्ये होते म्हणून वाचले. आणि मापं? ती वाचली. वहीमुळं. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा मी सगळ्यात आधी वही पोटाशी धरून जिना चढले होते. पुरात वाचवायला म्हणून ज्या कार्डात फोटो ठेवले ते कोरड्या दिवशी बुडालं, आणि वही अजून आहे, कोपऱ्यावर तेलाचा डाग घेऊन.

पुतण्यावर रागावणार होते. पण खरं सांगायचं तर मोबाईलनं आधीच सांगितलं होतं की असं केल्यावर कार्ड फक्त याच मोबाईलमध्ये चालेल. त्यानं ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. मी तेव्हा पाडव्याला द्यायच्या ब्लाऊजला हुक लावत होते. हूं म्हटलं.

नवा मोबाईल घेताना दुकानात एकच हट्ट धरला, ट्रे काढून दाखवा. दोन सिम आणि कार्ड यांना तीन वेगळ्या खाचा पाहिजेत. दुकानदारानं पाकिटातली पिन शोधेपर्यंत मी पदराची टाचणी काढून ट्रे बाहेर ओढला होता. महाग मोबाईल बघितले तर त्यांना खाचच नाही; सुनेच्या आयफोनला तर कार्डाची खाच कधी नव्हतीच. मी मधल्या भावातला, तीन खाचांचा घेतला. जुनंच कार्ड त्यात घातलं, फॉरमॅट केलं, या वेळी पोर्टेबल. तेच कार्ड आजही चालतंय. म्हणून म्हणते, कार्डाचा दोष नव्हता.

पोर्टेबलची कटकट वेगळी आहे, ती आधी माहीत असावी. कॅमेऱ्याला सेटिंगमध्ये सांगता येतं की फोटो थेट कार्डावर ठेव. व्हॉट्सॲपला सांगता येत नाही. ते आपलं सामान मोबाईलच्या पोटातच ठेवतं. म्हणजे ज्या फोटोंसाठी कार्ड घेतलं तेच आपोआप कार्डावर जात नाहीत. मी रविवारी दुपारी, जेवणं झाली की, हे काम काढते. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून आठवड्याचे फोटो उचलायचे आणि कार्डावर गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. फोल्डरांची नावं माझी मलाच कळतात: 'शाळेच्या बाई', 'सिस्टर मिरज', 'मोठी सून पेठ', 'पैसे बाकी'. पहिल्यांदा मी 'हलवा' दाबलं, कॉपी केलं नाही, आणि निम्म्यात चार्जिंग संपलं. काही फोटो इकडं, काही तिकडं, दोन कुठंच नाहीत. आता आधी कॉपी, मग कार्डावर उघडून बघायचं, मग मूळ पुसायचं. मूळ पुसलं की चॅटमध्ये तो फोटो धूसर होतो आणि दाबला तर फाइल नाही म्हणतो. "काकू, मी पाठवलेला बघा ना वरती," असं गिऱ्हाईक म्हणालं की चॅटमध्ये न शोधता कार्डावर जायचं. याची सवय व्हायला महिना लागला. ॲप आता एकही कार्डावर नाही. नको असलेली काढून टाकली, त्यानंच जास्त जागा झाली.

कार्ड बाहेर काढायचं तर आधी सेटिंगमध्ये जाऊन 'इजेक्ट' करते. मशीन चालू असताना कापड ओढलं तर सुई मोडते, तसं मोबाईल लिहीत असताना कार्ड ओढलं तर फाइल मोडते, कधी कधी सगळीच यादी.

नकली कार्डांबद्दल दोन शब्द. शेजारच्या वहिनींनी आठवडी बाजारातून ५१२ जीबीचं कार्ड तीनशे रुपयांना आणलं. मी ६४ ला साडेसहाशे दिले म्हणून मला हसत होत्या. पुतण्यानं ते कंप्युटरला लावलं. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून एक छोटा प्रोग्राम आहे, तो कार्ड काठोकाठ भरतो आणि मग भरलेलं परत वाचून ताडून बघतो. त्यात खरी जागा ८ जीबीसुद्धा भरली नाही. असल्या कार्डाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. मोबाईलनं विचारलं की ते ५१२ सांगतं, आणि खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांच्या अंगावर लिहितं किंवा हवेत सोडून देतं. फोटो काढताना काहीच कळत नाही, बघायला गेलं की कळतं. वहिनींचे नरसोबाच्या वाडीचे निम्मे फोटो असेच गेले. माझं कार्डही आणल्या दिवशी असं तपासून घ्यायला हवं होतं, ते मी दीड वर्षानं केलं. सव्वा तास लागला, दोन अस्तरांचं कटिंग झालं तेवढ्यात. पूर्ण भरलं, पूर्ण वाचलं.

आणि कार्ड जन्मभर टिकत नाही. एकाच जागी चारदा उसवून शिवलं की कापड विरतं, तसं त्यातल्या जागा लिहून पुसून विरतात. काही कार्डं शेवटी लिहू देत नाहीत पण वाचू देतात, तेवढी माणुसकी दाखवतात. काही न सांगता जातात. पाकिटावर वॉरंटी असते, पण ती कार्डाची. बदलून कोरं कार्ड देतील, मोर देणार नाहीत. म्हणून दर तीन महिन्यांनी पुतण्या सगळं आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. त्याच्या चुकीची भरपाई म्हणून हे काम मी त्याच्याकडं कायमचं लावलंय, वर त्याच्या आईचे ब्लाऊज वेळेवर शिवते.

तर कार्डाला पाचापैकी चार. एक कापला तो वेगाच्या त्या फुगवलेल्या आकड्याबद्दल. फोटो, मापं, व्हिडिओ ठेवायला साडेसहाशे रुपयांत याहून चांगली पेटी मला माहीत नाही. इंटर्नल करायच्या सोयीला मी एक देईन, तोही १६ जीबीवाल्याची अडचण मला कळते म्हणून.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. भावाच्या मुलाचं लग्न, कापड घेऊन थेट दारात, घाईत. "माप आहे ना माझं? त्याच मापानं शिवा, मला थांबायला वेळ नाही." मी कार्डावर 'सिस्टर मिरज' उघडलं. दोन टिचक्यांत पान समोर, २०२२ चं, माझंच अक्षर, छाती ३४. त्यांना दाखवलं तर त्या खूश. मी खूश. तरी सवयीनं गळ्यातली टेप काढून त्यांच्याभोवती फिरवली. ३८. दोघी मिनिटभर त्या स्क्रीनकडं बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "जुनं पुसू नका हं."

नाही पुसलं. दोन्ही ठेवलेत, एकाखाली एक.